होस्ट स्टॅक अपडेट: लिंक तुटल्यावर डेटा अडकायचा, ते सुटलं

आपण ब्लूटूथचा होस्ट स्टॅक, म्हणजे ब्लूटूथची सॉफ्टवेअरची बाजू, स्वतः लिहून राहिलो. मागच्या वेळी स्कॅन, कनेक्शन आणि गॅटचं (समोरच्या उपकरणातला डेटा वाचायची-लिहायची ब्लूटूथची पद्धत) रीड चालू झालं होतं. यावेळी नवीन फीचर काहीच नाही, सगळा वेळ एकाच बगमधी गेला, पण तो बग अशा जागेवर होता की जे कोणी स्वतःचा ब्लूटूथ होस्ट लिहून राहिले त्यांना तो कधी ना कधी भेटणारच, म्हणून नीट लिहून ठेवतो.

नवीन आलेल्यांसाठी सेटअप थोडक्यात. होस्ट आपला, सी मधी लिहिलेला, रास्पबेरी पायवर चालतो. कंट्रोलर, म्हणजे रेडिओ सांभाळणारा भाग, हा एनआरएफ५२८४० या ब्लूटूथ चिपचा बोर्ड, त्यावर झेफिर या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीमचं एचसीआय यूआर्ट सॅम्पल (एचसीआय म्हणजे होस्ट आणि कंट्रोलरची आपसातली भाषा, यूआर्ट म्हणजे सिरियल तार), म्हणजे रेडिओवरचं कनेक्शन सांभाळणाऱ्या लिंक लेयरचा कोडसुद्धा ओपन, वाचता येतो. लिनक्सचा ब्लूटूथ स्टॅक ब्लूझेड २००१ पासून लिनक्स कर्नलमधी आहे आणि दणकट आहे, पण मला हाच होस्ट पुढे लिनक्स नसलेल्या छोट्या चिपवर न्यायचाय.

ब्लूटूथचे सेन्सर सावद्याकडच्या एका केळीच्या बागेत लावलेत, मातीची ओल आणि तापमान, आणि रास्पबेरी पाय ठेवलाय विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत. घरी टेबलावर सगळं मस्त चालायचं. बागेत पण लागवड लहान होती तोवर काही त्रास नव्हता, मग पानं एकमेकांना भिडली आणि लिंक तुटायला लागल्या, कारण केळीच्या खोडात पानात नुसतं पाणी आणि २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाणी खाऊन टाकतं. आता लिंक तुटणं हा काही बग नाही, रेडिओ आहे, तुटणारच. बग पुढे होता. परत कनेक्शन व्हायचं, स्टेटस शून्य, हँडल (त्या कनेक्शनचा नंबर) मिळायचा, स्कॅनही चालू, पण रीड रिक्वेस्ट एक पण बाहेर जाईना. बागवाले मामा फोन करायचे, "काय भो, सकाळपासून ओल दिसतच नाही." सर्विस रीस्टार्ट केली की परत सुरू.

बऱ्याच जणांनी सुचवलं की वॉचडॉग (अडकलं का ते बघत राहणारा प्रोग्राम) लाव आणि रीस्टार्ट करत जा. मला ते पटत नाही. शेतातल्या गेटवेला चालेल एखादवेळी, पण स्टॅक म्हणून दुसऱ्यांच्या हातात द्यायचा असेल तर असं झाकून ठेवणं बरोबर नाही.

तर कारण असं. सुरुवातीला होस्ट कंट्रोलरला एलई रीड बफर साइज विचारतो (एलई म्हणजे कमी पॉवरचं ब्लूटूथ), वायरवर ०१ ०२ २० ००, हे आणि पुढचे असे बाइट हेक्समधी आहेत, आणि कंट्रोलर सांगतो एक पॅकेट किती बाइटचं आणि असे बफर, म्हणजे पॅकेट ठेवायच्या जागा, किती. माझ्या बोर्डने सांगितलं २७ बाइट, ३ बफर. म्हणजे होस्टने एका वेळी ३ पॅकेट द्यायचे आणि मग थांबायचं, नंबर ऑफ कम्प्लीटेड पॅकेट्सचा इव्हेंट आला की तेवढे अजून द्यायचे. व्यापाऱ्याच्या कॅरेटसारखं आहे, रिकामे परत आल्याशिवाय पुढचा माल भरता येत नाही. हा इव्हेंट असा दिसतो: ०४ १३ ०५ ०१ ०१ ०० ०१ ००, म्हणजे हँडल १ चं एक पॅकेट मोकळं झालं.

आता सिग्नल कमजोर झाला की कंट्रोलर तेच पॅकेट परत परत पाठवत बसतो, समोरून पोच येत नाही, बफर भरलेलाच. मग सुपरव्हिजन टाइमआउट (समोरून काहीच आलं नाही तर किती वेळ थांबायचं ती मर्यादा) संपतो आणि हे येतं: ०४ ०५ ०४ ०० ०१ ०० ०८. शेवटचा ०८ म्हणजे कनेक्शन टाइमआउट. आणि मेख इथेच आहे, त्या अडकलेल्या पॅकेटसाठी वेगळा कम्प्लीटेड इव्हेंट कंट्रोलरने पाठवलाच पाहिजे असं नाही. ब्लूटूथच्या स्पेकच्या (अधिकृत नियमावलीच्या) फ्लो कंट्रोलच्या भागात स्वच्छ लिहिलंय की डिस्कनेक्शन कम्प्लीट आलं की त्या हँडलचे राहिलेले सगळे पॅकेट गेले आणि बफर मोकळे झाले असं होस्टने स्वतःच धरायचं. आपला कोड इव्हेंटची वाट बघत बसायचा, दर तुटीला एक क्रेडिट (एक पॅकेट पाठवायची मुभा) कमी, ३ वेळा असं झालं की शिल्लक शून्य. कमांडचा हिशोब वेगळा असतो म्हणून स्कॅन आणि कनेक्शन बिनधास्त चालायचं, त्यामुळेच इतके दिवस नजर तिकडे गेली नाही.

दुरुस्ती छोटीच. आधी सगळ्या कनेक्शनचा मिळून एकच आकडा होता, आता प्रत्येक कनेक्शनला स्वतःचा पेंडिंग आकडा आहे, डिस्कनेक्ट झालं की तो मेन पूलमधी परत जमा. ब्लूझेडच्या कर्नल कोडमधी hci_conn_del नावाचं फंक्शन हेच करतं, कनेक्शन काढताना conn->sent परत जोडतं, ते वाचल्यावर खात्री पटली. सोबत एक गोष्ट अजून: ज्या हँडलचं कनेक्शनच नाही त्याचा उशिरा आलेला कम्प्लीटेड इव्हेंट सोडून द्यायचा, नाहीतर तेच क्रेडिट दोनदा जमा होईल आणि मग होस्ट कंट्रोलरच्या डोक्यावर जास्तीचे पॅकेट टाकेल, ते तर अजून वाईट.

टेस्टसाठी एक नकली कंट्रोलर लिहिला, पाइपवर एचसीआय बोलतो, मुद्दाम पॅकेट गिळतो आणि ०८ पाठवतो. खरं सांगू का, या कामातला सगळ्यात आवडलेला भाग हाच, कारण बागेत जाऊन लिंक तुटायची वाट बघायची गरज उरली नाही, आणि उद्या कोणी पॅच पाठवला तर हा बग परत घुसला का ते लगेच कळतं. अँटेना पण खोलीच्या गच्चीवर पाइप लावून पानांच्या वर घेतली, तुटणं बरंच कमी झालं.

बाकी आहे ते ड्युअल मोड डोंगलचं, म्हणजे एलई आणि जुनं क्लासिक ब्लूटूथ दोन्ही चालवणाऱ्यांचं. काही कंट्रोलर एलई बफर विचारल्यावर शून्य सांगतात, त्याचा अर्थ बफर नाहीत असा नाही, क्लासिकसोबत सामायिक आहेत, मग ०१ ०५ १० ०० पाठवून तिथला आकडा घ्यायचा. कोड लिहून झालाय, पण माझ्याकडे तसा एकच डोंगल आहे. कोणाकडे असेल तर ब्रँच चालवून बीटीस्नूपचा लॉग (एचसीआयवरच्या पॅकेटची नोंद असलेली फाइल) पाठवा, त्यात आपल्या मोबाइलचे वगैरे ॲड्रेस असतात ते आधी पुसून घ्या. ते झालं की पेअरिंगला हात लावतो.