पुसलेली पाटी

गुरुजींचा फोन आला तेव्हा मी एका टेम्पोखाली आडवा होतो. "अरे, धाकटीला गाडी घ्यायचीय. सेकंडहँड. बघायला येशील का? तू हो म्हणालास तरच घेतो." चौथीत सतराचा पाढा अडला म्हणून ज्यांनी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं, ते गुरुजी तीस वर्षांनी माझं हो-नाही विचारत होते. पैसे वसूल तिथेच झाले होते. तरी त्यांनी पाचशे रुपये आधीच खिशात कोंबले.

यार्ड नाशिकमध्येच, पुणे रोडला. गाडी २०१६ ची, पांढरी पेट्रोल हॅचबॅक, एकच मालक, मीटरवर पासष्ट हजार. पॉलिश असं मारलेलं की गुरुजी दारात बघून टोपी सारखी करत होते. यार्डच्या शेठना मी आदल्या दिवशी निरोप दिला होता, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका म्हणून. थंड इंजिन सुरू होताना जे सांगतं ते गरम झाल्यावर सांगत नाही. जाऊन बॉनेटवर हात ठेवला तर गरम. "पोरानं जरा मागं-पुढं केली हो," शेठ म्हणाले. बरं.

चावी फिरवली आणि इंजिन चालू न करता थांबलो. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले, चेक इंजिनचा पिवळाही लागला. हे मी मुद्दाम बघतो, कारण मागून काळी टेप लावून तो दिवा आंधळा केलेल्या गाड्या माझ्याकडे येऊन गेल्यात. इथे तसं नव्हतं. इंजिन चालू केलं, दिवा विझला. आवाज गोड, आयडलिंग स्थिर.

स्टेअरिंगखाली, चालकाच्या गुडघ्याच्या आसपास एक १६ पिनांचं सॉकेट असतं. ते ओबीडीचं, म्हणजे गाडी स्वतःला तपासते त्या यंत्रणेचं. बिघाड सापडला की ती त्याचा एक ठरलेला कोड नोंदवून ठेवते. सॉकेटला स्कॅनर लावला. कोड : एकही नाही.

"बघा," शेठ म्हणाले, "शोरूम कंडिशन."

गुरुजींनी पिशवीची नाडी सोडायला घेतली. त्यात टोकनचे पैसे होते.

बहुतेक लोक इथेच स्कॅनर उपटतात. हल्ली पाचशे-सातशे रुपयांत ब्लूटूथचा डोंगल मिळतो, मोबाइलला जोडता येतो, आणि माझ्याकडे येणारी निम्मी गिऱ्हाइकं कोडचा स्क्रीनशॉट घेऊनच येतात. कोड आला की तो पार्ट बदला, कोड नाही आला की गाडी ठणठणीत, इतका सरळ हिशेब. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, फक्त स्क्रीन दोन पानं पुढं ढकलतो.

पुढच्या पानावर 'रेडीनेस' असतं. तिथे कॅटॅलिस्ट : इनकम्प्लीट. ऑक्सिजन सेन्सर : इनकम्प्लीट. त्याच्या पुढच्या पानावर आणखी दोन ओळी. कोड पुसल्यापासून चाललेलं अंतर, ४ किलोमीटर. कोड पुसल्यापासून इंजिन तापल्याच्या वेळा, १.

शेठ दुसरीकडे बघायला लागले. गुरुजींनी विचारलं, "म्हणजे काय?"

त्यांना जे सांगितलं ते असं. ओबीडी आम्हा मेकॅनिक लोकांच्या सोयीसाठी निघालेलीच नाही, ती निघाली कॅलिफोर्नियाच्या हवेसाठी. लॉस एंजेलिसच्या धुरक्याला कंटाळून तिथल्या सरकारी हवा मंडळानं १९८८ च्या मॉडेलपासून गाड्यांना स्वतःचं स्वतः तपासायला लावलं. १९९६ च्या मॉडेलपासून सगळ्या अमेरिकेत एकच सॉकेट आणि एकच कोडभाषा सक्तीची झाली. आपल्याकडे बीएस-४ या धुराच्या नियमांबरोबर २०१० मध्ये ओबीडीचा पहिला टप्पा आला आणि २०१३ च्या एप्रिलपासून दुसरा. पहिल्या टप्प्यातली गाडी ढोबळपणे वायर-सेन्सर जागेवर आहेत का एवढंच बघायची. दुसऱ्या टप्प्यातली गाडी धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खरोखर काम करतोय का, हेही तपासते. ही गाडी २०१६ ची, म्हणजे दुसऱ्या टप्प्यातली.

आता धुराच्या तपासणीला जायच्या आधी कोड पुसून टाकायची युक्ती लोक लढवणार, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी मेख मारून ठेवली. गाडी चालता चालता एकेका भागाची चाचणी घेत असते. कोड पुसले की या चाचण्यांचे निकालही पुसले जातात, रेडीनेसच्या पानावर 'इनकम्प्लीट' दिसतं, आणि गाडी नीट रस्त्यावर चालल्याशिवाय ते परत येत नाहीत. आपली पीयूसी या सॉकेटला हात लावत नाही, ती सायलेन्सरच्या नळीत प्रोब घालते. गाडीचा पीयूसीचा कागद ताजा होता.

"म्हणजे पाटी पुसून आणलीय," गुरुजी म्हणाले. मग शेठकडे वळून, एकदम वर्गातल्या आवाजात, "गृहपाठ तपासताना ज्याची पाटी फार स्वच्छ, त्याला मी आधी उठवायचो."

शेठ म्हणाले, बॅटरी बदलली ना काल, त्यानं पुसलं गेलं असणार.

हे अगदीच खोटं ठरवता येत नाही. बॅटरीची केबल काढली तरी बऱ्याच गाड्यांत ही नोंद उडते. मी बॉनेट उघडलं. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर हिरवट-पांढरा क्षार फुलला होता, क्लॅम्पच्या खाचेत आणि बोल्टच्या आट्यांत अखंड, कुठे पान्याचा ओरखडा नाही. हे महिन्यांचं काम, कालचं नव्हे. त्यात म्युझिक सिस्टिमवरचं घड्याळ मिनिटाला मिनिट बरोबर. मी शेठना यातलं काही बोललो नाही. एवढंच म्हटलं, "गाडी सिन्नरपर्यंत नेऊन आणतो. तुमचं पोरगं बरोबर द्या."

पोरानं गाडी चालवली. मी शेजारी टॅब मांडीवर घेऊन, गुरुजी मागे पिशवी मांडीवर घेऊन. शहरातून बाहेर पडेपर्यंत काही सांगण्यासारखं नाही. शिंदे टोलनाका ओलांडल्यावर पोराला म्हटलं, आता सत्तर-पंचाहत्तरवर धर आणि पाय हलवू नकोस. कॅटॅलिस्टची चाचणी गाडी तेव्हाच घेते, इंजिन पूर्ण तापलेलं आणि वेग एकसारखा असताना. सिग्नलला थांबत-धावत शंभर किलोमीटर केले तरी ती होईल याची खात्री नाही.

टॅबवर मी दोन आलेख लावले होते. कन्व्हर्टरच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो, नंतर एक. पुढचा सेन्सर शिलाई मशीनच्या सुईसारखा वर-खाली करत असतो, ०.१ व्होल्ट, ०.८ व्होल्ट, परत ०.१. इंधन किंचित कमी, किंचित जास्त, असं इसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, सतत हेलकावत असतो, त्याचा तो नाच. तो बरोबरच आहे. पण मधे कन्व्हर्टर असतो. त्याच्या पोटात मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची सिरॅमिकची वीट असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम या धातूंचा लेप. ती वीट जास्तीचा ऑक्सिजन धरून ठेवते, कमी पडला की सोडते. त्यामुळे मागच्या सेन्सरपर्यंत तो नाच पोचत नाही. चांगल्या गाडीत मागची रेघ ०.६-०.७ च्या आसपास जवळजवळ आडवी जाते.

इथे दोन्ही रेघा नाचत होत्या. पुढची वर गेली की मागची क्षणभरानं तिच्यामागं. गुरुजींनी चष्मा वर करून दोन सीटांच्या मधून डोकं घातलं. "हे दोघंही एकाच तालात म्हणतायत रे." मी मान हलवली.

मोहदरी घाटाच्या अलीकडे टॅबवर पेंडिंगच्या पानात ओळ आली, पी ०४२०. कॅटॅलिस्टची कार्यक्षमता मर्यादेखाली. दिवा मात्र लागला नव्हता. एका फेरीत नापास झालं की गाडी ते कच्च्या वहीत टिपते, पुढच्या फेरीत पुन्हा नापास झालं तर दिवा लावते. एकदा कुठं खराब पेट्रोल पडलं म्हणून लगेच मालकाला घाबरवायचं नाही, हा त्यामागचा विचार, आणि मला तो पटतो.

सिन्नरला गाडी बंद करून चहा घेतला. पोराला भजीही घेतली, कारण त्याचा काही दोष नव्हता. परत निघालो, आणि पळसे मागं टाकलं तेव्हा कोणी काही न करता चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. पोरगं म्हणालं, "आयला." मग गुरुजी मागे आहेत हे आठवून गप्प झालं.

दिवा लागला की गाडी त्या क्षणाचं चित्रही जपून ठेवते, फ्रीज फ्रेम म्हणतात त्याला. आमचं होतं, ७२ किलोमीटर वेग, २,१४० आरपीएम, पाणी ९१ अंश. म्हणजे दमदाटी करून, रेस मारून आणलेला कोड नव्हता हा. मला ते फार बरं वाटलं, कारण शेठ तेच म्हणणार होते.

पण पी ०४२० म्हणजे कन्व्हर्टर गेलाच असं नाही, आणि या कोडवर आमच्या धंद्यात जेवढे चांगले कन्व्हर्टर उगाच बदलले गेले असतील तेवढे बहुधा दुसऱ्या कशावर नाही. सायलेन्सर पाइपाला कुठे फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मागचा सेन्सर फसतो. सेन्सरच खराब असू शकतो. म्हणून गाडी यार्डवर न नेता पाथर्डी फाट्याकडे माझ्या गॅरेजला घेतली. नळीच्या तोंडावर ओल्या फडक्याचा बोळा दाबून ठेवला, इंजिनजवळ कान लावला. कुठे फुसफुस नाही. फट नव्हती.

या गाडीत कन्व्हर्टर इंजिनला चिकटूनच, पत्र्याच्या हीट शील्डखाली असतो. आठ-नऊ वर्षांच्या गाडीत त्या शील्डचे बोल्ट गंजून असे बसलेले असतात की निम्मे तुटतातच. मी पान्याला जोर लावायच्या तयारीत होतो, आणि पहिला बोल्ट बोटानं फिरावा तसा फिरला. तिन्ही बोल्टांचे माथे गंजलेले, पण कोपरे चकचकीत. शील्ड उचललं. कन्व्हर्टरच्या डब्याच्या कडेनं वेल्डिंगची ओळ गेली होती. कंपनीचं वेल्डिंग सरळ, एका जाडीचं असतं. हे जाड-बारीक, गाठी पडलेलं, आणि त्यावरून चंदेरी हीट पेंटचा हात फिरवलेला. थंड झाल्यावर रबरी हातोडीनं हळूच टक केलं. रिकाम्या पिंपावर मारावं तसा आवाज आला.

तरी खात्री करून घेतली. बावीसच्या पान्यानं मागचा सेन्सर काढला आणि त्या भोकातून कॅमेऱ्याची वायर आत सोडली. स्क्रीनवर आतला पत्रा दिसला, काजळी, आणि एका कोपऱ्यात सिरॅमिकचा नखाएवढा तुकडा. बाकी काही नाही. वीट काढून घेऊन डबा परत डकवला होता.

गुरुजी बराच वेळ त्या स्क्रीनकडे बघत होते. "चोरी कुठून झाली ही?"

खरं सांगायचं तर माझ्यासारख्याच कुणाच्या तरी शेडमधून. पहिल्या मालकानं गाडी सर्व्हिसला टाकली असेल, संध्याकाळी धुऊन-पुसून परत मिळाली असेल, बिलही भरलं असेल. विटेतल्या धातूंना भाव आहे, आणि जुने कन्व्हर्टर घ्यायला माणसं आमच्या लाइनीत फिरतात, माझ्याकडेही येऊन गेलीत. त्या मालकाला कळलं ते पिवळा दिवा लागल्यावर, किंवा तेव्हाही नाही. काही बिलंदर लोक मागच्या सेन्सरखाली लांब नट घालून त्याला प्रवाहाबाहेर उचलतात, म्हणजे दिवाही लागत नाही. इथे तेवढे कष्टही कोणी घेतले नव्हते. गुरुजींना हे सांगताना मी पाना पुसत राहिलो. त्यांच्याकडे बघवलं नाही.

तेवढ्यात शेठ स्कूटरवरून आले. पोरानं फोन केला होता. त्यांनी कॅमेऱ्यातलं बघितलं, वेल्डिंग बघितलं, आणि माझा अंदाज आहे की त्यांना डब्याचं खरंच माहीत नव्हतं. त्यांना फक्त दिवा माहीत होता. "आम्हीपण अशीच घेतली हो," ते म्हणाले. मूळ कंपनीचा नवा कन्व्हर्टर केवढ्याला पडेल ते मी सांगितलं, तर म्हणाले, त्यात गाडीचा सगळा नफा गेला.

गुरुजींनी पिशवीची नाडी पुन्हा बांधली आणि शेठना नमस्कार केला. पुढच्या महिन्यात दुसऱ्या यार्डावरून त्यांनी एक राखाडी गाडी घेतली. तिच्या मडगार्डला पोचा आहे आणि धाकटीला रंग आवडलेला नाही, पण रेडीनेसच्या सगळ्या चाचण्या कम्प्लीट होत्या आणि कोड पुसल्यापासूनचं अंतर पाच आकडी होतं.

सिन्नरला जाऊन आलो त्या दिवशी रात्री साडेनऊला शेठचा फोन आला होता. वाटलं, शिव्या देणार. पण आवाज एकदम गोड.

"एक विचारू का, दादा? गाडी साधारण किती किलोमीटर फिरवली म्हणजे ते इनकम्प्लीट जातं?"

"कॅटॅलिस्टचं ना? सिन्नरला जाऊन आलात तरी जाईल."

"बस? एवढंच?"

"एवढंच. पण तेवढी फिरवलीत की दिवा लागतो."

पलीकडून थोडा वेळ फक्त टीव्हीचा आवाज येत होता.