पाळी गेल्यानंतरचं रक्त

"पाळी जाऊन पाच वर्सं झाली, आता परत थोडं थोडं दिसाय लागलंय. अंगात अजून ताकद हाय म्हणायची!"

आज अंबाबाईचं दर्शन घेऊन भवानी मंडपात सावलीला बसले होते. शेजारच्या मावशी मैत्रिणीला हे सांगत होत्या. मैत्रीणही कौतुकानं हसली.

मला राहवलं नाही. म्हटलं, मावशी, दवाखान्यात दाखवलं का?

"ह्या वयात? आन् पोराला काय सांगू, कशाला ने म्हणून?"

ते "पोराला काय सांगू" डोक्यातून जात नाहीये. त्रास नाही, दुखणं नाही, अडलंय ते फक्त सांगण्यापाशी.

सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. त्यानंतर एक डाग जरी दिसला तरी ती पाळी नसते, तपासायलाच हवं. बहुतेक वेळा कारण साधं निघतं: आतलं अस्तर पातळ झालेलं, नाहीतर एखादा पॉलिप, म्हणजे आत वाढलेला छोटा कोंब. पण गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरची पहिली खूण बऱ्याचदा हीच असते, आणि लवकर सापडला तर तो बहुतेकदा बरा होतो. सुरुवातीला सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघतात. ती ४ मिलिमीटरपेक्षा जास्त असली, किंवा डाग परत परत दिसत राहिले, तर तुकडा काढून तपासतात.

मावशींना म्हटलं, इथल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात स्त्रीरोग विभाग आहे, लेकाला नको तर सुनेला घेऊन जा. "सुनेला सांगतो," म्हणाल्या. जातील का, माहीत नाही.

तुमच्या आईला, सासूला, आत्याला हे कधी कुणी विचारलंय?