अडणारे क्रियापद

सांगलीत विश्रामबागेतल्या एका अभ्यासिकेत बँकांच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना मी इंग्रजी शिकवतो. तिथे इंग्रजी वृत्तपत्रांची अर्थविषयक पाने वाचताना एक क्रियापद वारंवार आडवे येते. त्याची अक्षरे बी, ए, एल, के एवढीच; ब्रिटिश वळणाच्या लेखनात मध्ये एक यू येतो. उच्चार ‘वॉक’, ‘टॉक’, ‘चॉक’ यांच्या पंगतीतला, म्हणजे ‘बॉक’; एल उच्चारून ‘बॉल्क’ म्हणणारेही पुष्कळ आहेत आणि त्यांना कोणी चूक ठरवत नाही. शब्दसंग्रहाच्या पुस्तकांत या शब्दासमोर बहुधा ‘कचरणे, हेझिटेट’ एवढेच छापलेले असते आणि मुले ते पाठ करून पुढच्या शब्दाकडे वळतात. परंतु ‘हेझिटेट’ आणि ‘बॉक’ यांना एका दावणीला बांधले, की वाक्याचा अर्थ हमखास बिघडतो.

‘हेझिटेट’ हे क्रियापद लॅटिनमधून आले असून त्याच्या मुळाशी चिकटून राहण्याचा भाव आहे. ‘ॲडहिअर’ हा शब्दही त्याच कुळातला. हेझिटेट करणारा माणूस क्षणभर खिळतो, काकू करतो आणि पुष्कळदा शेवटी होकारही देतो. बॉक करणाऱ्याचे तसे नसते. तो ठरावीक गोष्टीपाशी येतो, ती पाहतो आणि पुढे जायला तयार होत नाही. त्याचे मन द्विधा असेलच असे नाही, उलट ते पुष्कळदा पक्के झालेले असते.

या अर्थाचा उगम शेतात आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दाचे नाम म्हणजे उंचवटा किंवा वरंबा, आणि पुढे दोन नांगरटींच्या मध्ये न नांगरता सोडलेली पट्टी. त्यावरून क्रियापद झाले, तेव्हा त्याचा पहिला अर्थ ‘नांगरताना अशी पट्टी सोडणे’ असा होता; तो पसरत ‘मुद्दाम वगळणे, टाळणे’ इथवर आला आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालता चालता एकदम थांबणाऱ्या घोड्यालाही हेच क्रियापद लागू लागले. वाळवा, तासगाव या भागांतून आलेल्या मुलांना हे सांगितले, की शब्दाची निम्मी ओळख तिथेच होते, कारण बांध म्हणजे काय आणि तो कोरला गेल्यावर भावकीत काय होते, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

घोड्याचे काम आपल्याकडे बैल करतो. गळीत हंगामात उसाने भरलेली गाडी चढाच्या पायथ्याशी आली, की एखादा बैल मान खाली घालतो, पुढचे खूर मातीत रोवतो आणि गाडीवानाने कितीही शेपटी पिरगाळली तरी पाऊल उचलत नाही. त्या वेळी ‘बैल कचरला’ असे कोणी म्हणत नाही, ‘बैल अडला’ असेच म्हणतात. आपला ‘अडेलतट्टू’ तर या इंग्रजी क्रियापदाचा जणू सख्खा भाऊ आहे. माणसांविषयी लिहिताना मात्र मराठीत दर वेळी ‘अडणे’ चालत नाही. किंमत ऐकून गिऱ्हाइकाने बॉक केले, तर त्याने पाय मागे घेतला. बँकेने कर्ज देण्यास बॉक केले, तर तिने हात आखडता घेतला. ऐन वेळी साक्षीदाराने बॉक केले, तर त्याने कच खाल्ली. इंग्रजीतले एकच क्रियापद मराठीत असे ठिकाणानुसार रूप पालटते आणि म्हणूनच पाठ केलेला एकच प्रतिशब्द परीक्षेतल्या उताऱ्यात दगा देतो.

व्याकरणाची मेख मात्र एकच आहे आणि परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतो. ज्या गोष्टीपाशी अडायचे, तिच्याआधी ‘ॲट’ हवा आणि ती गोष्ट नाम असावी किंवा ‘इंग’ने संपणारे रूप: ‘द बँक बॉक्ड ॲट द रिस्क’, ‘शी बॉक्ड ॲट पेइंग द फी’. मुले सवयीने ‘बॉक्ड टू पे’ लिहितात, कारण ‘हेझिटेट’पुढे ‘टू’ बिनधास्त चालतो. कार्यालयीन पत्राच्या शेवटी ‘प्लीज डू नॉट हेझिटेट टू कॉल’ हे वाक्य त्यांनी इतक्यांदा वाचलेले असते, की बोट आपोआप तिकडे वळते. त्या पत्रात ‘हेझिटेट’च्या जागी ‘बॉक’ घालून पाहावे: संकोच न करता फोन करा, हा निरोप लांब राहतो आणि फोन करण्यावरून अडून बसू नका, अशी तंबी दिल्यासारखे होते.

नामाचा जुना अर्थ अजूनही जिवंत आहे. पुरातत्त्वाच्या उत्खननात चौकोनी खड्ड्यांच्या मध्ये मातीच्या न खोदलेल्या भिंती राखतात, त्यांना हेच नाव आहे. 1944 ते 1948 या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे महासंचालक असलेले मॉर्टिमर व्हीलर यांनी ही पद्धत आपल्याकडे रुजवली. त्या भिंतीच्या उभ्या छेदात मातीचे थर एकावर एक वाचता येतात, म्हणून ती शेवटपर्यंत पाडत नाहीत. स्नूकरच्या टेबलावरची आडवी रेघही याच नावाची.

कर्म घेणारा प्रयोगही आहे, आणि त्यात अर्थ उलटा फिरतो: तिथे कर्ता स्वतः अडत नाही, दुसऱ्याला अडवतो, त्याच्या तोंडचा घास काढून घेतो. ‘बॉक्ड ऑफ हिज प्रे’ म्हणजे भक्ष्य हातचे गेलेला. तो प्रयोग आता जुन्या कादंबऱ्यांतच अधिक आढळतो. बँकेच्या परीक्षेसाठी मी तो मुलांना ऐच्छिक ठेवला आहे.