पाव किलो कुंदा, गार करून

दुपारी तीनच्या सुमाराला बेळगावात मिठाईच्या दुकानांवर सुस्ती असते. मालक भिंतीला टेकलेले, पोरगं मोबाइलमध्ये, आणि काउंटरवर नुकताच भरलेला कुंद्याचा, म्हणजे आटवलेल्या दुधाच्या तपकिरी मिठाईचा, प्लॅस्टिकचा डबा. झाकणाला आतून घाम फुटलेला. हा डबा रात्रीच्या गाडीनं पुण्या-मुंबईला जाणार, दोन दिवसांत वरच्या थरावर पांढरे ठिपके धरणार, आणि तिकडचे पाहुणे म्हणणार, "बेळगावचा कुंदा काय आता पूर्वीसारखा राहिला नाही हो." कुंद्याचा काय दोष? गरम माल झाकला की वाफेचं पाणी होऊन परत कुंद्यावरच पडतं, आणि बुरशीला तेवढा ओलावा पुरतो. तेव्हा दुकानात न लाजता सांगावं, "मालक, गार झाल्यावर भरा की." फार तर अर्धा तास जातो. तेवढ्यात बाजारातली दुसरी कामं होतात.

मोठ्या शहरात गेलं की कुठं काय हटके गोड मिळतं, याच्या याद्या हल्ली जो तो देतो. वॅफलवर चॉकलेट, त्यावर आइस्क्रीम, त्यावर बिस्किटाचा चुरा, आणि वर एक छोटी छत्री. खाऊन झाल्यावर जिभेवर राहते ती नुसती साखर. असल्या दुकानांच्या वाटेला जाऊ नये असं नाही, पोरं हट्ट करतात. खरं, मुंबईत एकच जागा निवडायची असेल तर चर्चगेटचं के. रुस्तम निवडावं. 1953 पासूनचं हे इराणी दुकान. आइस्क्रीमची जाड चौकोनी वडी, खालीवर एकेक पातळ वेफर बिस्किट, कागदात धरून हातात. बसायची सोय नाही आणि थाटही नाही. घेतलं की फूटपाथवर उभं राहून लगेच खायचं; फोटो काढत बसलात तर बिस्किट मऊ पडतं आणि वडी मनगटावरून कोपराकडं निघते. एकच गोष्ट करायची आणि तीच करत राहायचं, याला हटके म्हणावं.

त्या हिशेबानं बेळगाव आधीपासूनच हटके आहे. इथल्याच शहापूर भागातल्या कुणा मारवाडी हलवायाचं दूध म्हणे चुलीवर विसरलं आणि त्याचा कुंदा झाला. प्रत्येक गावच्या तपकिरी मिठाईमागं असं एखादं विसरलेलं दूध असतंच. ऐकून घ्यावं आणि सोडून द्यावं. कारण विसरलेल्या दुधाचा कुंदा होत नाही, करपट बासुंदी होते. कुंद्याला माणूस कढईपाशी उभा लागतो.

घरी करून बघायचा तर एक लिटर म्हशीचं दूध घ्या, गाईचं नको, ते आटून फार थोडं उरतं. कढई जाड बुडाची आणि दुधाच्या मानानं चांगली मोठी. दूध निम्मं आटलं की आच मंद करून दोन चमचे दही घाला. दही ताजंच हवं. आंबट घातलं किंवा जास्त घातलं तर दूध सरळ फाटतं आणि रबरासारखे गोळे होतात. बेतानं घातलं तर बारीक कणी धरते, आणि ही कणीच कुंद्याचा जीव. साखर सगळी मिळून दीडशे ग्रॅम. त्यातली शंभर दुधात, उरलेली पन्नास वेगळ्या छोट्या पातेल्यात पाण्याशिवाय वितळवायची. रंग काळ्या मधासारखा व्हायच्या जरा आधीच पातेलं उतरवा, कारण भांड्याच्या धगीनं साखर पुढं जातच राहते. ती दुधात ओतली की सगळं फसफसून वर येतं, मोठी कढई त्यासाठीच सांगितली. साखरेचा दगड झाला म्हणून घाबरू नका, ढवळत राहिलं की विरघळतो. साखर जळली असेल तर मात्र कडूपणावर काही इलाज नाही. दूध वाया घालवण्यापेक्षा ती साखर फेकून दुसरी करा. शेवटी वेलदोडे, चमचाभर तूप, आणि कडा सुटेपर्यंत परतणं.

दुकानात पारख करायची तर कागदावर चव मागावी. रंग तपकिरी पण कणी नाही आणि भाजल्याचा वासही नाही, म्हणजे खव्यात रंग कालवलाय. बोटांत चोळून बघावा, तुपाचा ओशटपणा यायला हवा. घरी आणल्यावर फ्रीजमध्ये कोंबू नये. थंडीत चार दिवस बाहेर आरामात राहतो. फ्रीजमध्ये तूप थिजतं आणि कुंदा मातीसारखा लागतो. उन्हाळ्यात ठेवावाच लागला तर खायच्या तासभर आधी बाहेर काढावा.

मांड्यांचं प्रकरण वेगळं. खानदेशातले मांडे पुरणाचे आणि मऊ, बेळगावचे साखरेचे आणि कुरकुरीत. मैदा आणि बारीक रव्याची तूप घालून मळलेली कणीक, भरपूर वेळ मुरलेली. पोळी इतकी पातळ की पलीकडचं दिसावं. ती उपड्या कढईवर पडते, वर पिठीसाखर, तूप, खसखस, वेलदोडा, आणि चटका सोसत गरम असतानाच घडी. क्षणभर उशीर झाला की पोळी कडक होते आणि घडी घालताना तुटते. साखर दाणेदार राहिली तर पोळी फाटते. पावसाळ्यात मांडे घ्यायचेच असतील तर पत्र्याचा घट्ट डबा बरोबर न्यावा, बेळगावच्या हवेत ते तासाभरात माना टाकतात. खाताना चुरा करून वर गरम दूध आणि तूप. लग्नाच्या पंगतीत नुसते वाढतात, तेव्हा निम्मा मांडा धोतरावर सांडतो, त्याला इलाज नाही.

उरला करदंट. डिंक, खारीक, सुकं खोबरं, काजू-बदाम, गूळ. यात फसतो तो डिंक. तूप फार तापलं की डिंक वरून फुलतो, आत कच्चा राहतो, आणि मग दाढेला असा चिकटतो की बोलणं बंद. आच मध्यम, एका वेळी मूठभरच. मूळचा करदंट गोकाकचा की अमीनगडचा, यावर दोन्हीकडची माणसं हातघाईवर येतात. आपण त्यात पडू नये, दोन्हीकडचा अर्धा-अर्धा किलो घ्यावा. दातांची तक्रार असेल तर सरळ धारवाडची गाडी धरून लाइन बाजारातला पेढा आणावा, तो चावावा लागत नाही.