आमची वाटचाल: करपलेल्या प्लेटेपासून गेजच्या काट्यापर्यंत

आमच्या गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधली एक क्लच प्लेट टांगलेली आहे. काळीठिक्कर, अस्तराचे पोपडे सुटलेले, नाक जवळ नेलं तर अजून करपट वास येतो. नवीन पोरगं कामाला लागलं की आधी त्याला ती हुंगायला लावतो. ती आमच्याच हातच्या कामातून निघालेली आहे, म्हणून जपून ठेवलीय.

सुरुवात मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघांनीच केली. एक रॅम्प, कुणाकडून तरी मागून आणलेला प्रेस आणि हत्यारांच्या दोन पेट्या. काम एकच, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडायचे, प्लेटा आणि सील बदलायचे, जुळवून परत बसवायचे. हळूहळू चिखलात, वाळूत, दगडांत जाणाऱ्या फोर-बाय-फोर गाड्या जास्त यायला लागल्या, कारण त्यांचेच गिअरबॉक्स जास्त जळायचे. आम्ही खूश. जळतात म्हणजे धंदा आहे, याच्या पलीकडे डोकं चालत नव्हतं.

एक गाडी मात्र तीनदा आली. दर वेळी तेच. तेल तांबड्याचं तपकिरी झालेलं, चेंबरच्या, म्हणजे गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या ताटलीच्या, तळाशी प्लेटांचा काळा गाळ, तिसरा गिअर घसरतोय. आम्हाला वाटायचं हा माणूस गाडी रेटतो, त्याला वाटत असणार हे दोघे हलका माल घालतात. तिसऱ्या वेळी तो शांतपणे म्हणाला, "प्लेटा तुम्ही तीनदा बदलल्यात. त्या जळतात का, हे कोण शोधणार?" भावाने माझ्याकडे पाहिलं, मी रॅम्पकडे. आमच्या धंद्याला वळण लागलं ते इथे.

खरं तर उत्तर आम्हाला माहीत होतं, फक्त कधी हिशेब मांडला नव्हता. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात एक पंखा तेल फेकतो आणि समोरचा पंखा त्या माऱ्याने फिरतो. दोघांच्या वेगात फरक पडला की वाया गेलेली ताकद उष्णता होऊन तेलात उतरते. सरळ रस्त्यावर वेग पकडला की लॉक-अप क्लच दोघांना जखडतो आणि घसरण संपते. दगडांवर गाडी मुंगीच्या पावलाने चालत असते, तेव्हा लॉक-अप बहुधा लागतच नाही. चाक अडलंय आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवर दाबलेला आहे, अशा वेळी कन्व्हर्टरपर्यंत पोचलेली सगळी ताकद फक्त तेल तापवते.

किती तापवते? एका रात्री पुठ्ठ्यावर आकडेमोड केली. तेल धरलं 8 किलो आणि त्यात जाणारी उष्णता 10 किलोवॉट. काहीच उष्णता बाहेर गेली नाही, तर मिनिटाला 37 अंश! केसिंग आणि गिअर थोडी उष्णता पितात, तेल गार करणारा कूलरही काही काढतो, म्हणून प्रत्यक्षात इतकं होत नाही. पण तो पुठ्ठा पाहिल्यावर भाऊ बराच वेळ काही बोलला नाही.

जाता जाता एक गंमत. टॉर्क कन्व्हर्टरच्या मुळाशी हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याचं 1905 सालचं पेटंट आहे, आणि ते केलं होतं जहाजांसाठी. जहाजाला बाहेर अख्खा समुद्र आहे, पाणी हवं तेवढं. आपल्याला मात्र पुढच्या जाळीतून येईल तेवढ्या हवेवर भागवावं लागतं.

बऱ्याच गाड्यांत कंपनीचा तेलाचा कूलर रेडिएटरच्या टाकीतच बसवलेला असतो. थंडीत तेल लवकर गरम व्हायला ही सोय चांगली. पण इंजिनचं पाणीच 90 अंशांच्या आसपास असतं. त्या पाण्यात बुडवून तेल 90 च्या खाली कसं यावं? जुन्या मिस्त्रींचा एक ठोकताळा आहे की साधारण 80 अंशांच्या वर दर 10-11 अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. 115 च्या पुढे व्हार्निशसारखा थर धरायला लागतो, 125-130 ला सील कडक होतात, 145 च्या वर प्लेटा घसरू लागतात. कागदावर काढलेल्या रेषेसारखे हे आकडे काटेकोर नाहीत, पण आम्ही उघडलेल्या गिअरबॉक्सनी ते कधी खोटे पाडले नाहीत.

मग तीनदा आलेल्या गाडीला वेगळा कूलर लावायचं ठरवलं. इथे आमच्या चुकांची यादी सुरू होते.

कूलर कंडेन्सरच्या, म्हणजे एसीच्या पुढच्या जाळीच्या, पुढे बसवला तो प्लॅस्टिकच्या टायने, सरळ जाळीतून ओवून. त्या काळी कूलरबरोबर असेच टाय यायचे, त्यामुळे आम्हाला गैर वाटलं नाही. खडबडीत रस्त्यावर जाळी हलत राहिली, टाय घासत राहिला आणि दोन महिन्यांत कंडेन्सरच्या नळीला सुईएवढं भोक. एसी गेला, तो आमच्या खर्चाने भरून दिला. तेव्हापासून पट्टीचे ब्रॅकेट, मध्ये रबर, आणि कूलर-कंडेन्सरमध्ये बोटभर फट.

दुसरी चूक जास्त महाग पडली असती. स्टीलचा पाईप कापला आणि गुळगुळीत टोकावर होज चढवून क्लॅम्प आवळला. ट्रायललाच होज सटकला. गाडीखालून तांबड्या तेलाची रेघ निघाली आणि चालवत होता भाऊ. नशीब, त्याने लगेच इंजिन बंद केलं. पंपाला तेल मिळालं नाही तर गिअरबॉक्स खलास व्हायला काही मिनिटं पुरतात. आता पाईपच्या टोकाला गोल उठाव काढल्याशिवाय होज चढत नाही. होजही ट्रान्समिशन तेलासाठी बनलेलाच. पाण्याचा होज तेलाने फुगतो आणि मऊ पडतो, बाहेरून तो कितीही जाड दिसू दे.

कूलर लागला. आता तो काम करतोय की नुसता लटकलाय, हे कळणार कसं? गिऱ्हाइकाने विचारलं आणि आम्ही "हात लावून बघा, गार आहे" असं उत्तर दिलं. इतकं लाजिरवाणं उत्तर मी दुसऱ्या कुठल्या प्रश्नाला दिलं नसेल.

म्हणून गेज, तेलाचं तापमान दाखवणारा काटा. आणि गेज म्हटलं की पहिला वाद, सेंडर, म्हणजे तेलात बसून गेजला तापमान कळवणारा भाग, कुठे? भाऊ म्हणे चेंबरमध्ये, मी म्हणे बाहेर जाणाऱ्या पाईपवर. चेंबरमध्ये सगळ्या तेलाचं सरासरी तापमान कळतं, काटा संथ चढतो. कन्व्हर्टरमधून निघून कूलरकडे जाणाऱ्या पाईपवर सेंडर लावला तर चटका ताबडतोब दिसतो, पण गिऱ्हाईक घाबरतं, कारण चढावर तो आकडा चेंबरपेक्षा 20-30 अंशांनी सहज वर जातो. परतीच्या पाईपवर लावला तर फक्त कूलरचं काम कळतं, आत काय शिजतंय ते कळत नाही. शेवटी त्या गाडीला दोन सेंडर लावले, एक त्याचा, एक माझा. आज बहुतेकांना आम्ही चेंबरचाच सुचवतो. म्हणजे भाऊ जिंकला. हे लिहायला लावल्याशिवाय त्याने मला हे पान पुरं करू दिलं नसतं.

चेंबरला भोक पाडून सेंडरसाठी बुशिंग, म्हणजे आट्यांची कडी, वेल्ड करायचं काम दिसतं तेवढं सोपं नाही. आतला फिल्टर चेंबरच्या तळापासून जेमतेम उंचीवर असतो, सेंडरची दांडी त्याला टेकता कामा नये. आम्ही चेंबरमध्ये मातीचा गोळा ठेवून चेंबर जागेवर दाबून बघतो. गोळा जिथे चपटा झाला, तिथे भोक नाही.

सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची सवय मोडायला तर वर्ष गेलं. एका वायरचा सेंडर आपली अर्थ (अर्थिंग, विजेची परतीची वाट) बॉडीतून घेतो. टेप जास्त झाली की ती अर्थ कच्ची पडते. सेंडर जितका गरम तितका त्याचा रोध कमी, आणि कच्ची अर्थ रोध वाढवते. म्हणजे काटा खरं तापमान लपवून कमी दाखवतो. चूक झालीच तर ती नेमकी धोक्याच्या बाजूला. रबरी होजच्या मध्ये जोड देऊन सेंडर लावला असेल तर त्या जोडाला वेगळी अर्थ वायर द्यावीच लागते. प्रत्येक सेंडर बसवण्याआधी आम्ही गेजला जोडून उकळत्या पाण्यात धरतो. समुद्रसपाटीला 100 दाखवला पाहिजे, उंचावर दर 300 मीटरला साधारण एक अंश कमी.

दोन्ही सेंडर बसल्यावर कूलरचे पाईप मुद्दाम काढून कंपनीची मूळ जोडणी केली आणि वाळूत ट्रायल घेतली. मालक चालवायला, मी शेजारी वही घेऊन. गाडी हाय रेंजमध्ये, म्हणजे नेहमीच्या वेगाच्या टप्प्यात. दहा मिनिटांत माझा काटा 128, भावाचा 109. मी म्हटलं, थांबा, दुसरी दांडी ओढून फोर लो टाका, म्हणजे कमी वेगाचा, जास्त जोराचा टप्पा. तीच वाळू, तोच वेग. कन्व्हर्टरवरचा भार हलका झाला आणि माझा काटा उतरत 106 वर आला. तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला. "म्हणजे तीन गिअरबॉक्स मी या दांडीमुळे घालवले?" सगळा दोष दांडीचा नव्हता, कूलर जोडल्यावर आकडे आणखी खाली आलेच. पण कूलरच्या आधी गेज, हा आमच्या गॅरेजचा नियम त्या दिवशी वाळूत ठरला.

त्यानंतर काम वाढत गेलं. दुसरा रॅम्प आला, आता आम्ही सहा जण आहोत. ते सगळं रंगवून सांगण्यासारखं नाही. कामाची पद्धत मात्र पक्की झाली. एक पाईप सोडून बादलीत धरायचा, इंजिन दोन-तीन सेकंद चालू करून तेल कुठून येतं ते बघायचं, जाणारा पाईप तोच. तेल आधी रेडिएटरमधून, मग नव्या कूलरमधून, मग परत. कूलर आणि होज यांत जेवढं तेल मावतं तेवढं वर घालायचं, पण डोळे मिटून नाही. तेल जास्त झालं तर गिअर ते घुसळून फेस करतात, आणि फेसावर प्लेटा घट्ट धरत नाहीत.

एकदा एका गाडीचा चेंबर उघडला तर आतून गुलाबी दुधासारखं काहीतरी ओघळलं. रेडिएटरच्या टाकीतला कूलर आतून फुटून पाणी तेलात मिसळलं होतं. प्लेटांचं अस्तर कागदी, ते पाणी शोषून घेतं आणि चिकटवलेलं सुटतं. तो गिअरबॉक्स वाचला नाही. जुन्या, गंजक्या रेडिएटरच्या गाडीत आम्ही आता आतला कूलर वगळून फक्त बाहेरचाच लावतो. थंड हवेत चालणारी गाडी असेल तर सोबत थर्मोस्टॅटचा बायपास, म्हणजे तेल गार असेपर्यंत त्याला कूलर टाळून नेणारी वाट.

काटा चढला तर काय करायचं, हे गाडी देताना तोंडी सांगतो. इंजिन बंद करायचं नाही. न्यूट्रलमध्ये टाकून हँडब्रेक ओढायचा आणि आरपीएम 1500 च्या आसपास धरायचा, म्हणजे पंप तेल फिरवत राहतो. पार्कमध्ये का नाही, असं सगळे विचारतात. काही जुन्या गिअरबॉक्समध्ये पार्कला कूलरकडे तेल जातच नाही, एवढंच कारण.

मागे एक जण आला, सगळ्यात मोठा कूलर लावा म्हणाला. आधी गेज लावून डोंगरात ट्रायल घेतली, चेंबरचं तेल 92 च्या वर गेलं नाही. कूलरची गरज नाही, असं सांगून फक्त गेजसह गाडी परत दिली. तो नाराज. हातचं काम घालवलं म्हणून भाऊही नाराज. चार महिन्यांनी तो परत आला, "तुमचा गेज बिघडलाय, 110 दाखवतो, पाण्याचा काटा तर मध्यावरच आहे." कंपनीचे पाण्याचे काटे बऱ्याच मोठ्या टप्प्यात मध्यावरच बसवलेले असतात, त्यांच्यावर विसंबायचं नसतं. पुढची जाळी काढली. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये वाळलेला चिखल आणि गवत, वीटच झालेली. पाण्याचा पाईप लावून आतून बाहेर धुतलं, घमेलंभर चिखल निघाला. ट्रायलला काटा 91.

धुण्याचं बिल किती लावायचं, यावर भावाचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.