कणसाला दोरा

निवडणूक जाहीर झाली की आमच्या घरातली एक म्हातारी माहेरी जाते. म्हातारी म्हणजे आप्पांची, माझ्या वडिलांची, जुनी बंदूक आणि माहेर म्हणजे पोलीस ठाणं. जमा करून पावती घ्यायची, निकाल लागेपर्यंत थांबायचं आणि पावती दाखवून परत आणायची. २०२४ च्या लोकसभेनंतर अशीच आणली. दुपारी आप्पा तेलाचा फडका घेऊन तिला पुसत बसले. पंखा गरम वारा खाली ढकलत होता. मधेच फडका थांबला.

"तडकलंय बघ."

तडकलं होतं ते पंपाचं लाकूड. पुढचं काडतूस चढवायला डाव्या मुठीत धरून मागं-पुढं ओढतात ते. आमच्या विंचेस्टर मॉडेल बारावर ते बारकं, गोल, खाचाखाचांचं आहे. अमेरिकेत त्याला मक्याचं कणीस म्हणतात. ज्वारीच्या मुलखात कणीस म्हटल्यावर मका आठवत नाही ही गोष्ट वेगळी, पण आमच्या घरीही त्याचं नाव कणीसच.

आप्पा बँकेत गनमन होते. या नोकरीत बंदूक आपली आपण आणायची असते. घरी मशीन असलेल्या बाईला शिवणकाम मिळतं, तसंच. १९८१ मध्ये आईच्या पाटल्या मोडल्या आणि एका निवृत्त साहेबांकडची ही सेकंडहँड बंदूक आमच्याकडं आली. बाकीच्या गनमनकडं दुनळ्या असायच्या, त्यामुळं आप्पांचा रुबाब थोडा जास्त. ड्युटीवर त्यांनी कधी बार काढला नाही. स्टुलावर बसून पासबुकं भरायला मात्र शेकडो म्हाताऱ्यांना मदत केली.

दसऱ्याला तिला झेंडूचा हार असायचा. पूजा झाली की मी विचारायचो, बाराबोर म्हणजे बारा काय? आप्पा सांगायचे, एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडायच्या, त्यातली एक जेवढी जाड तेवढी नळी. मग सोळाबोर मोठी? नाही, बारीक. सोळा गोळ्या पाडल्या तर एकेक लहानच होणार ना! मला हे काही केल्या पटायचं नाही. आकडा वाढला आणि वस्तू बारीक झाली, हा कुठला न्याय? शेवटी गिरणीत जन्म घालवलेले आजोबा कोपऱ्यातून म्हणाले, "अरे, सुताचं तसंच असतंय. पौंडात लड्या जितक्या जास्त, तितकं सूत बारीक. दहा नंबर जाड, चाळीस नंबर पातळ." सोलापूरच्या साखर पेठेत, मागांच्या खडखडाटात वाढलेल्या पोराला सुताचं लगेच समजलं. बंदूकही त्याच रस्त्यानं समजली.

तर ते कणीस. माझा स्वभाव असा की जुनी वस्तू बिघडली की मला हुरूप येतो. स्कूटरची केबल, मिक्सरचं भांडं, रेडिओचं बटण. जुन्या बाजारात तासभर उकिडवं बसलं की काहीतरी हाताला लागतंच. बंदुकीचं तसं नाही. १९५९ च्या कायद्यात शस्त्राचा सुटा भागही शस्त्रातच मोजतात, आणि दुरुस्ती परवाना असलेल्यानंच करायची. आमच्या गल्लीत मागाचे धोटे तासून नीट करणारा एक सुतार आहे. त्यानं हे लाकूड दोन तासांत घडवलं असतं. त्याच्या दारावरून मी मुकाट्यानं तीनदा गेलो.

परवानाधारक दुकानदारानं फोनवर मॉडेल ऐकलं आणि "काका, शोपीस म्हणून ठेवा," एवढंच बोलला.

पुतण्या मोबाइल घेऊन बसला. "काय शोधायलास?" आप्पांनी विचारलं. तो म्हणाला, आजोबा, तुम्ही चुकीची घेतली. रेमिंग्टनची ८७० पाहिजे होती. १९५० पासून निघाली, २००९ पर्यंत कोटीभर खपली, तिला काय पाहिजे ते मिळतं. पुढची टोपी फिरवली की नळी निघते, दुसरी बसवा. प्लॅस्टिकचा दस्ता, रबरी पॅड, टॉर्च. आणि आपलीचे भाग घासून-तासून हातानं जुळवायला लागायचे. खर्च परवडेना, म्हणून १९६४ मध्ये कंपनीनं नेहमीचं उत्पादनच थांबवलं.

"म्हणजे हातमाग म्हण की," आप्पा म्हणाले आणि पुन्हा पुसायला लागले.

टॉर्च लावलेली बंदूक मला बघवत नाही. बुलेट गाडीला एलईडीच्या माळा लावणारी पोरंही मला बघवत नाहीत. वय झालं असेल. पुतण्याचं आणखी एक म्हणणं होतं की पंपाचा तो खटाक् आवाज ऐकूनच चोर पळतो. यावर आप्पा खूप दिवसांनी मोठ्यानं हसले. बँकेच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमागांचा कारखाना होता. दिवसभर खटाक् खटाक्. "त्यात माझा एक खटका कुणाला ऐकू येणार ओ? मलाच ऐकू यायचा नाही."

चार दिवसांनी बघतो तर कणसाला दोरा गुंडाळलेला. प्रत्येक खाचेत एक वेढा, वर गाठ नाही, टोक आत दडवलेलं. सूत शेजारच्या कारखान्यातून आणलं होतं.

"कितीचं सूत?"

"दहाचं. वीसचं तुटतंय."

दोरा गुंडाळणं म्हणजे दुरुस्ती की नुसतं ड्रेसिंग, हे मी कुणालाही विचारलं नाही.

विधानसभेच्या वेळी म्हातारी पुन्हा माहेरी गेली. पावती लिहिणाऱ्या पोरसवदा हवालदारानं ती उलटसुलट केली, दोऱ्यावरून बोट फिरवलं आणि वर्णनाच्या रकान्यात लिहिलं : बारा बोर, पंप, जुनी, पुढे दोरा. मग सहज विचारलं, "आजोबांच्या मागं लायसन कुणाच्या नावावर करणार?"

आप्पा शेजारीच उभे होते. ते माझ्याकडं बघायला लागले. मी पावतीची घडी घालत राहिलो.