परदेशी खर्चाचे पैसे आणि पासपोर्टचं शेवटचं पान

गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं आठ दिवस व्हिएतनामला जाऊन आलो. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून. येऊन बरेच दिवस झाले, तरी बँकेतलं ते काउंटर आठवलं की माझं डोकं अजून तापतं, म्हणून लिहितेय. तिकिटाचं, व्हिसाचं सांगण्यासारखं काही नाही. ई-व्हिसा 25 डॉलर, घरबसल्या मिळाला. फक्त ते पैसे भरताना माझं डेबिट कार्ड चालेना. ऑक्टोबर 2020 पासून नवीन कार्ड परदेशी व्यवहारांसाठी बंदच येतं, ते ॲपमध्ये जाऊन आपण सुरू करायचं असतं. हे निघण्याआधी घरीच करा.

खरा प्रश्न हातखर्चाचा होता. शेजारच्या काकूंनी घाबरवून ठेवलं होतं की परकीय चलन घेतलं की वीस टक्के टॅक्स कापतात. तसं नाहीये. टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच वसूल होणारा कर, आहे, पण एप्रिल 2025 पासून एका आर्थिक वर्षात 10 लाखांच्या वर गेलात तरच. आम्हाला दोघांत मिळून जेमतेम दीड लाखाची गरज होती. मग ठरवलं, 1000 डॉलर रोख आणि बाकीचे फॉरेक्स कार्डावर, म्हणजे आधीच परकीय चलन भरून न्यायच्या कार्डावर. कार्डं दोन हवीत हा हट्ट माझा. एकाचं पाकीट गेलं तर दुसऱ्याकडे काहीतरी पाहिजे ना.

ह्यांचं कार्ड पहिल्याच दिवशी झालं. पॅन, पासपोर्ट, तिकीट, व्हिसाची प्रिंट, परकीय चलन घेण्याच्या ए-टू फॉर्मवर सही, संपलं.

माझा फॉर्म परत आला. पॅनवर, आधारवर, बँकेच्या पासबुकात माझं नाव तीन शब्दांत आहे: माझं, ह्यांचं, आडनाव. पासपोर्ट काढताना मात्र फक्त माझं नाव आणि आडनाव लिहिलं गेलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, नाव मॅच होत नाही, सिस्टीम घेत नाही." मी म्हटलं, याच बँकेत माझा पगार अठरा वर्षं जमा होतोय, फोटो तोच, जन्मतारीख तीच, सही तीच. तर म्हणे, लग्नाचा दाखला आणा.

दाखला शोधायला लॉफ्टवरची पेटी उतरवावी लागली. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून गेले. तेव्हा ती मुलगी नव्हती, एक गृहस्थ होते. त्यांनी दाखला वाचलासुद्धा नाही. म्हणाले, याने काय होणार, आडनाव तर बदललेलं नाही, मधलं नाव नाहीये. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र आणा. म्हणजे जिल्हा न्यायालयापाशी जा, टाइप करून घ्या, नोटरी करा. तेही केलं. तिसऱ्या खेपेला प्रतिज्ञापत्र घेऊन गेले, तर परकीय चलनाचं काम बघणाऱ्या मॅडम रजेवर, सोमवारी या. माझं जाणं पुढच्या गुरुवारी! त्या दिवशी गाडीवर बसून डोळ्यांत पाणी आलं. पैसे माझे, खातं माझं, आणि मी मीच आहे हे सांगायला मला तीन कागद आणि तीन खेपा. ह्यांना एक प्रश्न कोणी विचारला नाही, कारण त्यांच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये आहे.

संध्याकाळी घरी सगळं सांगत होते. आमचे अण्णा, म्हणजे सासरे, नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेत. त्यांनी माझा पासपोर्ट मागितला, चष्मा लावला, उलटा धरला आणि शेवटचं पान उघडलं. "अगं, हे काय आहे?" तिथे छापलं होतं: वडिलांचं नाव, आईचं नाव, पतीचं नाव, पत्ता. ह्यांचं पूर्ण नाव ठळक अक्षरांत! अण्णा म्हणाले, "ही पुस्तिका आमच्या शेजारच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापतात. नावं पासपोर्ट ऑफिसवाले टाकतात. पण शेवटचं पान कोणी बघायचंच नाही, तर ठेवलंय कशाला?"

मी तिन्ही वेळा पहिल्या पानाचीच झेरॉक्स दिली होती. त्यांनी तेवढीच मागितली होती. सोमवारी मी दोन्ही पानांची झेरॉक्स घेऊन थेट त्या मॅडमसमोर बसले. त्यांनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं, लग्नाच्या दाखल्यावरचं ह्यांचं नाव ताडून पाहिलं, दोन्हींवर माझी सही घेतली आणि दहा मिनिटांत कार्ड हातात दिलं. प्रतिज्ञापत्र त्यांनी परत केलं, म्हणाल्या, याची गरजच नव्हती. म्हणून बायकांना कळकळीने सांगते, बँकेत जाण्याआधी आपली सगळी नावं एका कागदावर एकाखाली एक लिहून बघा आणि पासपोर्टच्या दोन्ही टोकांच्या पानांची झेरॉक्स न्या, मागोत न मागोत.

आता रोख. एका माणसाला एका प्रवासात 3000 डॉलरपर्यंत नोटा नेता येतात, त्यापुढचं कार्डावर. 50,000 रुपयांच्या वरची खरेदी रोखीने होत नाही, पैसे आपल्याच खात्यातून द्यावे लागतात. नाशिकच्या शरणपूर रोडला, कॅनडा कॉर्नरच्या बाजूला एका अधिकृत मनी चेंजरकडे घेतले. त्याआधी तीन ठिकाणी फोन केले होते, आणि सगळ्यांना एकच विचारलं: "सगळं धरून 1000 डॉलरना किती रुपये?" नुसता भाव विचारू नका. जीएसटीचा बाऊ करतात, पण एक लाखापर्यंतच्या व्यवहारावर तो 0.18 टक्के असतो, 90,000 रुपयांवर 162 रुपये. खरी कात्री भावात असते. डॉलरमागे दीड रुपया जास्त लावला की 1000 डॉलरला दीड हजार गेले.

नोटा घरी आणल्यावर अण्णांनी ताबा घेतला. दहाही नोटा एकेक करून ट्यूबलाइटसमोर धरल्या, मधली निळी पट्टी तिरकी करून पाहिली, कडा अंगठ्याने चाचपल्या. एका नोटेच्या कोपऱ्यात पेनची बारीक खूण होती. "ही बदलून आण." चेंजरने लगेच बदलून दिली. हनोईत बँकेच्या काउंटरवरच्या बाईने नोटा अगदी अण्णांसारख्याच उलटसुलट करून पाहिल्या, तेव्हा मला त्यांचा फार अभिमान वाटला. तिकडे 100 च्या कोऱ्या नोटेला चांगला भाव देतात. लहान, चुरगळलेल्या नोटांना कमी देतात किंवा घेतच नाहीत.

आणि ज्या कार्डासाठी मी एवढी धावले, ते व्हिएतनाममध्ये सगळ्यात महाग पडलं. आमच्या कार्डात डॉलर, युरो, पौंड अशी चलनं होती, व्हिएतनामचं डाँग नव्हतं. डॉलर भरून डाँगमध्ये खर्च केला की दर वेळी साडेतीन टक्के कापले जात. हे बँकेत कोणी सांगितलं नाही. चार खेपांत एकाने तरी विचारायला हवं होतं, "मॅडम, जाताय कुठे?" युरोप, सिंगापूर, दुबईला जाणार असाल तर तिथलं चलन कार्डात भरता येतं, तेव्हा कार्ड उत्तम. भाव भरताना ठरतो, नंतर रुपया घसरला तरी आपल्याला धक्का नाही. व्हिएतनामसाठी मात्र मी पुन्हा गेले तर डॉलरच्या नोटा नेईन आणि अडीनडीला क्रेडिट कार्ड, तेही मार्कअप, म्हणजे परकीय खर्चावरचा बँकेचा जादा आकार, किती लागतो हे आधी विचारून. मशीनने "रुपयांत घेऊ का?" असं विचारलं तर नाही म्हणा, तिथल्याच चलनात घ्या. रुपयांत घेतलं की भाव त्यांच्या मर्जीचा.

हिशेबाची एक युक्ती ह्यांनी काढली. डाँगची शेवटची तीन शून्यं झाकायची आणि उरलेल्या आकड्याला साडेतीनने गुणायचं, साधारण रुपये येतात. 20 हजार आणि 5 लाखाची नोट दोन्ही निळसर आहेत, त्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा. मी नारळपाणीवाल्याला 5 लाखाची देऊन बसले होते, त्या भल्या माणसाने परत केली.

उरलेले डाँग तिथल्याच विमानतळावर मोडा, नाशिकमध्ये कोणी घेत नाही. डॉलर मात्र 2000 पर्यंत जवळ ठेवता येतात. त्याहून जास्त उरले तर परत आल्यापासून 180 दिवसांत बँकेला विकायचे. आमचे 140 डॉलर कपाटात आहेत. 20 हजार डाँगची एक नोट अण्णांनी मागून घेतली. प्लास्टिकची नोट, मध्ये आरपार दिसणारी खिडकी, दोन दिवस ती त्यांच्या उशाशी होती.

माझ्या पासपोर्टची मुदत पुढच्या वर्षी संपतेय. या वेळी फॉर्ममध्ये तिन्ही शब्द लिहिणार आहे.